आत्याचा आवाज

पक्ष्यांवर लिहितोय म्हटल्यावर तुम्ही किलबिलाट ऐकायला कान टवकारले असतील. राहू द्या. इथे पक्षी गप्पच आहेत, बोललो तो मीच.

आमच्या आत्याने परसात चिमण्यांसाठी करवंटी टांगलीय. मी दुकानातून प्लॅस्टिकचं रंगीत भांडं आणलं होतं, पण ते उन्हात तापतं म्हणून तिने मला परत करायला लावलं. करवंटीही भिंतीपासून लांब, मांजराची उडी पोचणार नाही अशी. रोज सकाळी ती बाजरी टाकते आणि हाक मारते, "या गं बायांनो, या!" की चिमण्या जांभळीवरून खाली येतात.

मला नकलांचा नाद. हेडमास्तरांपासून कंडक्टरपर्यंत सगळ्यांचे आवाज काढून झालेत. काल आत्या देवळात गेल्यावर मी तिचा काढला. सगळ्या आल्या! रिकाम्या करवंटीच्या काठावर बसल्या, आत डोकावल्या. मी पोट धरून हसलो. परत हाक मारली, परत आल्या. मग मात्र कुणी आलं नाही.

माणसं नकलेला हसतात, कारण खरा माणूस वेगळा आहे हे त्यांना ठाऊक असतं. चिमण्यांना तो आवाज म्हणजेच बाजरी होती.

आज आत्या भरल्या करवंटीखाली हाका मारत राहिली. एकही उतरली नाही. मला माझाच घसा नकोसा झाला. खाली मान घालून सगळं सांगून टाकलं.

"मेल्या, माझ्या आवाजात खोटं बोललास? आता मी त्यांना कुणाच्या आवाजात बोलावू?"