हाऊकिलाम्पीची जास्वंद

इर्या तोल्वानेनने तोइनी हुत्तुनेनला पहिल्यांदा नीट पाहिलं ते खालच्या अंगणातून. इर्या या इमारतीत नुकतीच राहायला आली होती आणि दांडीवर गालिचा टाकून झोडपत होती. वर दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, रेल्वेचा जुना निळा स्वेटर घातलेली एक उंच बाई माणसाएवढ्या जास्वंदीचं एकेक पान उलटं करून बघत होती. प्रवाशांची तिकिटं तपासावीत तसं. एका पानाचा तिला संशय आला असावा, कारण त्याच्याकडे ती दोनदा परत आली.

तोइनी खरोखरच रेल्वेतली होती. हाऊकिलाम्पी नावाच्या, जंगलात वसलेल्या एका लहानशा स्टेशनावर तिने एकोणीस वर्षं तिकिटं विकली. ते स्टेशन बंद झालं तेव्हा सामान न्यायला एक ट्रक आला. घड्याळ गेलं, बाकडी गेली, पण प्रतीक्षागृहातली जास्वंद कुठल्याच यादीत नव्हती. तोइनीने तिचं अर्धं तिकीट काढलं, शेवटच्या गाडीत आपल्या शेजारच्या जागेवर तिला बसवलं आणि पिएक्सामाकी गावात घेऊन आली. तिकीट तपासनीस हसला तेव्हा ती म्हणाली, "हसू नकोस. तुझ्या आधीपासून ती रेल्वेत आहे."

तोइनीला मूलबाळ नव्हतं. भाऊ होता, तो वारला. मात्र तिला कधी कुणी एकटी म्हणालं तर ती खिडकीकडे बोट दाखवी.

इर्या टपालखात्यातून निवृत्त झालेली, विधवा, वयाने तोइनीपेक्षा तेरा वर्षांनी लहान. कॉफीच्या तिसऱ्या कपाला दोघी अगं-तुगंवर आल्या आणि मग बारा वर्षं तशाच राहिल्या. म्हणून एपिफनीच्या, म्हणजे सहा जानेवारीच्या सणाला तोइनी बर्फावर घसरली, खुबा मोडला आणि तिला कुओपिओच्या इस्पितळात न्यावं लागलं, तेव्हा घराची किल्ली इर्याकडेच आली.

"बाकीची झाडं मेली तरी चालतील," स्ट्रेचरवरून तोइनी म्हणाली. वेदनेने तिचे ओठ पांढरे पडले होते. "जास्वंदीचं मात्र मला येऊन सांगायची वेळ आणू नकोस."

तीन आठवडे सगळं ठीक होतं. मग जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी, सूर्य छपरांना टेकता टेकता घरात आडवा शिरतो त्या वेळेला, इर्या पाणी घालायला गेली आणि हातात झारी घेऊन तशीच उभी राहिली. पानं फिकट झाली होती, जणू कुणी त्यांच्यावर बारीक रवा भुरभुरवला होता. आणि दोन फांद्यांच्या बेचक्यात, त्या तिरप्या उन्हात, काहीतरी चकाकत होतं. जाळं. तेही कोळ्याचं असतं तसं नव्हे. श्वासानेही हलेल इतकं बारीक, धुक्यासारखं.

तिने टेबलावरचा पांढरा कागद पानाखाली धरला आणि पानावर टिचकी मारली. कागदावर तांबूस ठिपके पडले. ती बघत राहिली. ठिपके चालू लागले. एकावर बोट फिरवलं तर कागदावर विटकरी रेघ उमटली.

लाल कोळी. पानांचा रस शोषणारी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी कीड.

पण खरी भीती यानंतरची. ती धावत एक मजला चढून आपल्या स्वयंपाकघरात गेली, पडदा बाजूला केला आणि तिथल्या झाडाचं पान उलटलं. तिथेही तेच, उलट जास्तच. ख्रिसमसला घेतलेल्या आयव्हीच्या वेलाच्या कुंडीतून ते आले असणार. ती आयव्ही त्याच खिडकीत सुकून गेली होती. आणि रोज सकाळी आधी आपल्या झाडाची पानं पुसून, तोच ओला बोळा आणि त्याच बाह्या घेऊन इर्या खाली तोइनीकडे जात होती.

आता त्या झाडाबद्दल सांगायला हवं. इर्याच्या खिडकीत पडद्याआड उभी होती तीही जास्वंदच, आणि ती चोरीची होती. त्या भागात फांदी मागत नाहीत आणि दिली तर आभार मानत नाहीत. आभार मानले की फांदी जगत नाही. चोरलेली फांदी सगळ्यांत चांगली धरते हे तिथल्या प्रत्येक आजीला ठाऊक. अकरा वर्षांपूर्वी नोव्हेंबरात, सर्व संतांच्या दिवशी, तोइनी चुलीशी पाठमोरी असताना इर्याने एक वीतभर फांदी खुडून स्वेटरच्या बाहीत सरकवली होती. तेव्हापासून तोइनी वर यायची म्हटली की इर्या पडदा ओढून घेई. लाज वाटायची असं नाही, पण सांगायची वेळ कधी आलीच नाही.

त्या रविवारी फोन वाजला.

"चालायला लागले," तोइनी म्हणाली. "बदकासारखी. जास्वंद कशी आहे?"

"चांगली आहे."

"कळ्या?"

"एक... एक दिसतेय."

"एकच? तिला काहीतरी होतंय. पानं उलटून बघतेस ना?"

"रोज बघते," इर्या म्हणाली. आणि हे मात्र अगदी खरं होतं.

तिथे एक म्हण आहे: सॉना, डांबर आणि दारू यांनी जे बरं होत नाही, ते मरणानेच बरं होतं. डांबर आणि दारू झाडाला कशी द्यावी हे इर्याला कळेना. इमारतीचा सॉना, म्हणजे वाफेने अंग शेकायची सामाईक खोली, तळघरात होता आणि गुरुवारी सहा ते सात तिची पाळी होती. या कोळ्यांना दमट हवा सोसत नाही एवढं तिने ऐकलं होतं. तिने जास्वंद चादरीत गुंडाळली, लिफ्टने खाली नेली, खालच्या बाकावर ठेवली आणि तापलेल्या दगडांवर दोन डाव पाणी ओतलं. वाफ उठली. वरच्या बाकावर इर्याला इतकं बरं वाटलं, खांदे इतके मोकळे झाले, की झाडालाही बरंच वाटत असणार याबद्दल तिला शंका आली नाही.

सातला काउको साव्हांदर, तळमजल्यावरचा म्हातारा, टॉवेल गुंडाळून दारात उभा राहिला आणि त्याने नाक वर केलं.

"इर्या, आत कोबी उकडलास की काय?"

इर्याने खाली पाहिलं. पानं काळपट हिरवी होऊन देठाशी लोंबत होती. ओल्या चिंध्यांसारखी.

"हे तोइनीचं आहे?" काउकोचा आवाज एकदम उतरला.

"लाल कोळी झाले होते."

"अगं, मग गालिचा धुतो त्या पाइनच्या साबणाने धुवायचं! माझी आई तसंच करायची. तीन वेळा, दर आठवड्याला. अंडी मरत नाहीत पहिल्या धुण्यात, म्हणून."

"हे आधी का नाही सांगितलंस?"

"तू विचारलंस कुठे? मला वाटलं, तू एकटीच आंघोळीला आलीस." मग तो झाडाजवळ वाकला, पण हात लावायची हिंमत त्याला झाली नाही. "तिने त्या झाडासाठी तिकीट काढलं होतं, माहितेय ना तुला?"

"गप्प बैस, काउको."

सोमवारपर्यंत सगळी पानं गळली. इर्याने नखाने साल खरवडली. जिवंत फांदी आत हिरवी असते. ही तपकिरी होती. तिने खाली खरवडलं, आणखी खाली, अगदी मातीला टेकेपर्यंत. सगळीकडे तपकिरी.

आता त्या स्टेशनातलं जे काही उरलं होतं ते इर्याच्या पडद्याआड होतं, आणि त्याच्या प्रत्येक पानाखाली शेकडो तोंडं शोषत होती.

यानंतरचे तीन आठवडे इर्या नीट जेवली नाही. पहिल्या गुरुवारी तिने कोमट पाण्यात तो तपकिरी साबण कालवला. माती सांडू नये म्हणून कुंडीला पिशवी बांधली, झाड बाथरूममध्ये उलटं धरलं आणि पाण्यात बुडवलं. घरभर उन्हाळ्यातल्या तलावाकाठच्या गालिचे धुण्याच्या धक्क्यासारखा डांबरी, गोड वास पसरला. मग पान अन् पान खालून बोटांनी चोळलं, नळाखाली धुतलं, वर प्लास्टिकची मोठी पिशवी चढवली आणि झाड रेडिएटरपासून लांब ठेवलं. एक शेंडा तिच्या हातात मोडून आला तेव्हा तिने तो पाण्याच्या ग्लासात ठेवला आणि तिथेच फरशीवर बसली.

पाचव्या दिवशी भिंगाखाली पुन्हा दोन ठिपके चालताना दिसले. काउकोने बजावलंच होतं, पहिल्या धुण्यात अंडी मरत नाहीत. दुसरा गुरुवार. मग तिसरा. रोज सकाळी कॉफीच्या आधी पांढरा कागद, टिचकी आणि श्वास रोखून बघणं. कागद कोरा निघाला तरी विश्वास बसेना. ती आणखी तीन पानांवर टिचक्या मारी. रविवारी फोन वाजला की तिला वाटे, आज सांगू. आणि तोइनी तिकडून म्हणे, "आज सहा पायऱ्या चढले," मग इर्या पायऱ्यांबद्दलच विचारत राही.

तोइनी यायच्या आदल्या दिवशी इर्याने एक काम केलं. मेलेलं खोड बाल्कनीत ठेवलं, आणि जगलेलं झाड हाऊकिलाम्पीच्या जुन्या कुंडीत लावून खाली तोइनीच्या खिडकीत नेऊन उभं केलं. थोडं लहान होतं. छाटलं असं सांगता येईल, ती स्वतःशी म्हणाली.

तोइनी चाकांच्या वॉकरच्या आधाराने आली. कोट न काढता खिडकीशी गेली. एक पान उलटलं. दुसरं उलटलं. मग बोटं बुंध्यावरून खाली गेली आणि थांबली.

"ही माझी नाही."

इर्याने खिशातल्या किल्लीवर हात ठेवला.

"माझ्या झाडाला बुंध्याशी ओरखडा आहे. स्टेशनमास्तरच्या मांजराने काढलेला. कुठे आहे ते?"

मग इर्याने सगळं सांगितलं. बाही, बोळा, सॉना, कोबी, सगळं. तोइनीने खोड आणायला लावलं, ते मांडीवर घेतलं आणि स्वतः साल खरवडली. ओरखड्यापाशी, त्याच्या खाली, मातीपाशी. तिच्या नखात तपकिरी भुसा भरला. इर्याला वाटलं, आता ती किल्ली मागेल, आणि मग आपण या जिन्यावर कुणाला तोंड दाखवणार.

"मेली," तोइनी म्हणाली. तिने रुमाल काढला, नाक शिंकरलं, रुमाल घडी करून परत ठेवला. "सॉनात घालतेस? झाडाला?"

"मला वाटलं..."

"माणसांनासुद्धा तिथे चक्कर येते." मग मांडीवरचा भुसा झटकत, "ती फांदी तू सर्व संतांच्या दिवशी नेलीस."

इर्याने मान वर केली.

"तू कात्री आणली नव्हतीस. नखाने खुडत बसलीस, किती वेळ! मी पाठ करून उभी. माझी कॉफी उतू गेली, चुलीवर सगळी, तरी मी वळले नाही. अकरा वर्षं वाट बघतेय, ही बया तो पडदा कधी उघडतेय म्हणून."

"मग बोलली का नाहीस?"

"चोरीबद्दल बोललं तर फांदी मरते. हे झाड उचल आणि वर तुझ्याकडे ने. ते तुझं आहे."

"तोइनी, ठेव ना तू. तुझंच..."

"माझं कसं? चोरलंयस ना तू? वर ने. मग मला लिफ्टपर्यंत धर, आणि कॉफी टाक."

इर्याने झाड आपल्या खिडकीत परत ठेवलं. या वेळी पडदा लावला नाही. तोइनी खिडकीजवळच्या खुर्चीत बसली, पर्स मांडीवर घेऊन. इर्या चुलीकडे वळली, भांडं ठेवलं आणि पाठमोरी उभी राहिली. मागे पर्सची कडी वाजली. मग कात्रीचा एकच छोटा आवाज. मार्चातली फांदी धरेलच असं नाही. कॉफी वर आली, कडेला आली, उतू गेली. ती वळली नाही.

तोइनीने दोन कप कॉफी घेतली, कशाबद्दलही आभार मानले नाहीत आणि ती घरी गेली.

तोइनी आज ब्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या खिडकीतली जास्वंद दोन हात उंच झाली आहे, आणि दर गुरुवारी ती तिची सगळी पानं उलटून बघते.