अर्थिंगच्या खड्ड्याचं पाणी

दूध संघात कॉम्प्युटर येणार हे ठरलं तेव्हा मी तिथं वायरमन होते. बाई वायरमन म्हणून सुरुवातीला लोक वळून बघायचे, पण आयटीआयच्या सर्टिफिकेटवर वायरमन असंच छापलेलं होतं आणि मला तेवढं पुरेसं होतं. मी बेंबळीची, तिथल्या बौद्ध वस्तीतली. बहात्तरच्या दुष्काळात आई-वडील रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायचे. मी सात-आठ वर्षांची होते. वडिलांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की पोरीनं घण धरायचा नाही. मी वायरमन ट्रेड घेतला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी नाकं मुरडली, पण वडिलांनी मला पक्कड आणि टेस्टर आणून दिला आणि विषय संपवला.

संघात माझ्यावर एक हेडवायरमन होते, पन्नाशी ओलांडलेले. कॉम्प्युटरच्या खोलीची देखभाल शिकायला एका माणसाला दीड महिना पुण्याला पाठवायचं होतं. मान त्यांचा होता. ते मॅनेजरसाहेबांना म्हणाले, की मला आता पुस्तकातलं डोक्यात शिरत नाही, या पोरीला पाठवा, ती विचारल्याशिवाय कशालाच हात लावत नाही आणि कळल्याशिवाय सोडत नाही. साहेबांना माझ्या राहण्याची काळजी होती. पिंपरीत माझी मावशी राहते म्हटल्यावर तीही मिटली.

प्रशिक्षणाला आम्ही तेरा जण. बारा पुरुष आणि मी. शिकवणारे सर फौजेतून निवृत्त झालेले, किडकिडीत आणि हळू आवाजात बोलणारे. आम्हाला वाटलं होतं, आता कॉम्प्युटर चालवायला शिकवतील. त्यांनी पहिल्या दिवशी त्याच्या कीबोर्डला कुणाला हातही लावू दिला नाही. एसी बंद केला, दार लावून घेतलं, आणि दर पाच मिनिटांनी खोलीचं तापमान लिहायला लावलं. तासाभरात आम्ही घामाघूम झालो आणि कपाटाएवढं ते यंत्र कुरकुर करत थांबलं. सर म्हणाले, "मशीन बिघडलं की सगळी माणसं मशीनकडं बघतात. तुमचं काम खोलीकडं बघायचं."

पुढचे दिवस आम्ही खोलीच शिकलो. फरशीखाली फूटभर पोकळी असते, तिथून थंड हवा आणि वायरी जातात. सरांनी एकदा त्या पोकळीत कुठंतरी ओलं फडकं लपवून ठेवलं आणि शोधायला सांगितलं. मी पोटावर सरपटत आत गेले आणि दहा मिनिटांत ते काढून आणलं. साडी नेसून हे जमणार नाही म्हणून प्रशिक्षणाच्या दुसऱ्याच दिवशी मी सलवार-कमीज शिवायला टाकला होता, त्याचं चीज झालं. धूळ कशी अडवायची, वीज गेली की बॅटऱ्यांवर किती वेळ निघतो, डिझेल जनरेटर किती सेकंदांत भार उचलतो, आग लागली तर पाणी का मारायचं नाही, हे सगळं शिकलो. माहितीपुस्तक इंग्रजीत होतं. मी रोज रात्री मावशीच्या स्वयंपाकघरात बसून एकेक शब्द देवनागरीत उतरवायची आणि पुढं त्याचा अर्थ लिहायची. अर्थिंगवर, म्हणजे जादा वीज तारेनं जमिनीत सोडण्यावर, सर तीन दिवस बोलले. बाकीचे कंटाळले. मला तो भाग सगळ्यात आवडला, कारण खड्डा, कोळसा, मीठ आणि तांब्याची पट्टी हे माझ्या ओळखीचं जग होतं. फक्त कॉम्प्युटरला ते किती काटेकोर लागतं हे नवीन होतं.

परत आले तर संघाच्या इमारतीत खोली तयार होती आणि पंधरा दिवसांत यंत्र आलं. गावोगावच्या संकलन केंद्रांतून आलेल्या दुधाच्या नोंदी त्यात चढायला लागल्या. मी एक रजिस्टर घातलं. दर तासाला तापमान, हवेतला ओलावा, विजेचा दाब, आणि न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, व अर्थिंग यांच्यातला दाब. लोक हसायचे. हेडवायरमन मात्र मी जेवायला गेले की स्वतः आकडे लिहून ठेवायचे.

त्या वर्षी पुन्हा पाऊस दडी मारून बसला. उन्हाळा लागला तेव्हा संघाची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. याच सुमाराला यंत्र रोज दुपारी अडकायला लागलं. सकाळी ठीक, दोन वाजले की पडद्यावरची अक्षरं जागच्या जागी थिजायची आणि केलेलं काम पुसलं जायचं. कंपनीचा इंजिनियर पुण्याहून दोनदा आला. दोन्ही वेळा त्यानं आतलं एकेक बोर्ड बदललं आणि तुमच्याकडची वीजच खराब आहे म्हणून निघून गेला.

मी रजिस्टर उघडून बसले. वीज खराब नव्हती, आकडे बरोबर होते. वाढत होता तो एकच आकडा, न्यूट्रल आणि अर्थिंगमधला. तो दोन व्होल्टच्या आत असायला हवा. पावसाळा सरताना होताही. आता सकाळीच चार दाखवत होता, आणि दुपारी दूध गार करायचे कॉम्प्रेसर सगळे एकदम चालू झाले की नऊच्या वर जायचा. हेडवायरमन आणि मी जमिनीचा विरोध मोजायचा अर्थ टेस्टर घेऊन इमारतीमागं गेलो. हँडल फिरवलं, तर काटा हवा त्याच्या कितीतरी वर गेला. मग खड्ड्यावरचं झाकण काढलं. आतली माती भाजल्यासारखी भुसभुशीत झाली होती. ओल नसली की जमीन वीज घेत नाही, हे सरांनी शिकवलं होतं. इथं तर मुळातच खाली मुरूम आणि काळा दगड.

साहेबांना सांगितलं. त्यांना लगेच पटलं, आणि तिथंच पंचाईत झाली. ते म्हणाले, एवढंच ना, टँकर आला की रोज दोन बॅरल पाणी खड्ड्यात सोडा.

दुसऱ्या दिवशी टँकर आला. संघाची टाकी भरली की उरलेलं पाणी समोरच्या वस्तीतल्या बायकांना मिळायचं. त्या सकाळपासून घागरींची रांग लावून उन्हात बसलेल्या असायच्या. मी टँकरला पाइप जोडला आणि मागं न्यायला निघाले, तशी रांगेतली एक म्हातारी उठून उभी राहिली. तिला मी रोज बघत होते. ती भांडायला आली नव्हती. तिनं साधं विचारलं, "बाई, हे पानी कुठं चाललं?"

मी खरं ते सांगितलं, की मशीनसाठी जमीन ओली करायची आहे.

"मशीनला बी लागतं व्हय," ती म्हणाली आणि परत जाऊन आपल्या घागरीपाशी बसली.

मी पाइप काढला. राग कुणाचा आला होता हे मला तेव्हा कळत नव्हतं, पण हे पाणी मी ओतणार नाही एवढं पक्कं होतं. गटाराच्या कडेनं ऑफिसकडं चालले होते, आणि गटारातून सोड्याच्या वासाचं पांढुरकं पाणी वाहत होतं. दुधाचे कॅन धुतलेलं. मी थांबून बघत राहिले. सोड्याच्या पाण्यातून वीज सहज जाते, खड्ड्याला ते तर साध्या पाण्यापेक्षा चांगलं.

साहेबांच्या समोर जाऊन मी म्हटलं, "साहेब, टँकरचं पाणी म्या खड्ड्यात सोडणार न्हाय."

ते चिडले. "मग मशीन बंद ठेवू?"

"मशीन चालेल. त्याला कॅन धुतलेलं पाणी द्यायचं. ते आपण रोज गटारात सोडतोय. कॅन धुवायच्या जागेपासून खड्ड्यापर्यंत चारी खोदावी लागंल. मला दोन माणसं अन् चार दिवस द्या."

साहेबांनी विचारलं, "आणि नाही झालं तर?"

"तर लेखी द्यायला तयार आहे, की चूक माझी."

त्यांनी माणसं दिली. दोन दिवस काम सरळ झालं. तिसऱ्या दिवशी वाटेत काळा खडक लागला आणि कुदळ नुसती उडायला लागली. मी चारीला खडकाच्या कडेनं वळण दिलं. हेडवायरमन आपली पहार घेऊन आले, आणि मी नको नको म्हणत असताना चारीत उतरले. भंगारातले जुने पाइप जोडून आम्ही पाचव्या दिवशी पाणी खड्ड्यापर्यंत आणलं. एक दिवस उशीर झाला, साहेबांनी तो मोजला नाही.

त्या संध्याकाळी आकडा थोडाच उतरला. मला रडू आलं असतं, पण जमीन प्यायला वेळ घेते हे मला शेतातून माहीत होतं. आठवडाभरानं दुपारी अडीच वाजता, कॉम्प्रेसर पूर्ण जोरात चालू असताना, काटा दोनच्या खाली होता. पडद्यावर अक्षरं पळत होती. ऑपरेटर मुलगी काम करता करता गुणगुणत होती, तिला त्यात विशेष काही वाटलंच नाही. मला तेच आवडलं.

इंजिनियर तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याच्या हातात नव्या बोर्डाचं खोकं होतं. मी त्याच्यापुढं रजिस्टर ठेवलं. त्यानं उभ्या उभ्या सगळ्या महिन्यांची पानं वाचली, मागं जाऊन खड्डा बघून आला, आणि खोकं न उघडता परत घेऊन गेला. जाताना म्हणाला, या रजिस्टरची एक प्रत मला द्याल का, इतर ठिकाणी दाखवायला. मी दिली.

दोन वर्षांनी मुरुम गावच्या एका सहकारी संस्थेनं कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं आणि खोली बघायला मला बोलावणं आलं. चेअरमननी हौसेनं पुढची खोली निवडली होती. रस्त्याकडं मोठी काच, पश्चिमेची भिंत. येणाऱ्या-जाणाऱ्यांना मशीन दिसावं, ही त्यांची इच्छा. मी भिंतीला हात लावून बघितला. दुपारचे चार वाजले होते आणि भिंत तव्यासारखी तापली होती. मी म्हटलं, इथं नको, आतली गोदामाची खोली द्या.

"अवो बाई, तिथं लोकांना दिसनार कसं?" ते म्हणाले.

"इथं दिसेल, पण चालणार न्हाय."

त्यांनी स्वतः भिंतीला हात लावून बघितला आणि चटकन काढून घेतला. मग चेअरमननी शिपायाला हाक मारली आणि गोदामातली खताची पोती हलवायला सांगितलं. मी टेप काढला, एक टोक त्यांच्याच हातात दिलं, आणि आम्ही दोघांनी मिळून खोली मोजायला घेतली.