पोथीतली सुटलेली ओवी

आमच्या भांडुपच्या चाळीत श्रावणात मुलं पाळीपाळीने पोथी वाचायची. ओवी सुटली तर अध्याय पुन्हा पहिल्यापासून, असा नियम. मी पाचवीत होते त्या वर्षी माझ्यामुळे एकाच अध्यायाला तीनदा सुरुवात झाली. लांबलचक ओळीच्या टोकाला पोचून परत येताना माझी नजर खालची ओळ सोडून तिच्याही खालच्या ओळीवर उतरायची. शेवटी वडिलांनी पोथी माझ्या हातातून काढून दुसऱ्या मुलीला दिली आणि घरी आल्यावर पाठीत धपाटा घातला. "लक्ष नसतं तुझं, दुसरं काही नाही."

लक्ष होतं. म्हणूनच राग आला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चष्मा लागत नाही म्हटल्यावर तर वडिलांना पुरावाच मिळाला.

मी लंगडीत दोन उड्यांत पडते आणि फळ्यावरचं उतरवताना ओळी गाळते, या दोन गोष्टी एकत्र पाहिल्या त्या फक्त शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी. त्यांनी मला समोर उभं केलं. "मान हलवायची नाही. नुसते डोळे पेन्सिलीमागे ने." पेन्सिल हलली की माझी मान मागोमाग जायची, ती रोखून धरली की तोल जायचा. बाई म्हणाल्या, "नजर चांगली आहे गं. तिला मानेशिवाय चालायची सवय नाही."

मग रोज संध्याकाळी कपड्यांच्या दोरीला चेंडू टांगून, एका पायावर उभं राहून त्याचे झोके बघायचे, आणि वाचताना ओळीखाली पट्टी धरायची. चाळीने मला बगळा म्हणायला सुरुवात केली. व्यायामाने फरक पडला की पट्टीने, मला अजून सांगता येत नाही. ओळी सुटायच्या कमी झाल्या, हे खरं.

दिवाळीच्या सुट्टीत गंमत म्हणून मी वडिलांसमोर पेन्सिल धरली. "मान हलवायची नाही हां, बाबा." पेन्सिल डावीकडे गेली, त्यांची मानही गेली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. मी हसले, ते हसले नाहीत. गरिबीमुळे चौथीत शाळा सोडली, असं ते नेहमी सांगत. गावची पत्रं मीच वाचून दाखवायची.

"मास्तरान माका ढ म्हणान घराक धाडल्यान," ते म्हणाले. एरवी ते घरात मालवणी बोलत नसत.

धपाट्याचा राग मी तोवर जपून ठेवला होता. तो गेला, मला त्यांच्यासाठी नुसतं वाईट वाटलं.

पुढच्या श्रावणात माझी पट्टी घेऊन ते स्वतः पोथीसमोर बसले. सावकाश वाचलं. एक ओवी सुटली. चाळीत कुणाच्या लक्षात आली नाही, आणि मी सांगितली नाही.