शुक्रवारी मचबूस कोण करणार?

कुवेतच्या सबाह अल-सालेम भागात मी ज्या घरी स्वयंपाकाला आहे, त्या घरच्या धाकट्या लेकीने मला सुट्टी मिळवून दिली, हे आधी सांगते. त्या वकील आहेत. इथे मुलांना बापाचं नागरिकत्व मिळतं, आईचं नाही. म्हणून परदेशी माणसाशी लग्न केलेल्या कुवेती बायका त्यांच्याकडे येतात. मी सातवीत शाळा सोडलेली. कायदा म्हटलं तरी मला धडकी भरते.

त्यांच्या आईला मी मामा म्हणते. इथे मालकिणीला तसंच म्हणतात. गावी फोनवर सांगितलं की सगळे खो-खो हसतात. दर शुक्रवारी लेकी, सुना, नातवंडं जेवायला येतात आणि मटणाचा मचबूस, म्हणजे इथला मसाल्याचा भात, माझ्याच हातचा लागतो. मग सुट्टी कसली!

एका शुक्रवारी वकीलबाईंनी जेवतानाच विषय काढला. "आठवड्यातून एक दिवस तिचा. कायदाच आहे तसा."

"कायदा मचबूस करतो का?" मामा म्हणाल्या.

"तू कर ना. मत देतेस, गाडी चालवतेस, भात तेवढा जमत नाही?"

सुना तोंडावर हात ठेवून हसल्या. मी मात्र घाईघाईने रिकामी ताटं उचलायला लागले. मामा चिडल्या आणि नोकरी गेली, तर गावी माझ्या मुलीचं नर्सिंग अर्धवट राहणार.

पुढच्या शुक्रवारी मी पहाटेच उठून तांदूळ भिजवले, मसाला भाजला. वकीलबाईंनी पकडलं आणि सरळ गाडीत बसवलं. "कुठे सोडू?" सुट्टीत कुठे जातात, मला काय ठाऊक? कोकणातली मी. म्हटलं, शर्कचा मासळीबाजार!

तिथे सुरमई बघत उभी होते, तर मामांचा फोन. म्हटलं, संपलं आता.

"सुकी लिंबं आधी घालायची की नंतर?" मोडक्या हिंदीत मामा विचारत होत्या.

मागून लेक ओरडली, "आई, तिला काम सांगू नकोस!"

"काम कुठे सांगतेय? विचारतेय नुसतं!"

संध्याकाळी परतले, तर मामांनी माझ्यापुढे ताट ठेवलं. भात खाली लागलेला, मीठ जास्त.

"छान झालाय," मी म्हटलं.

"खोटारडी!" त्या हसल्या. "पुढच्या शुक्रवारी जमेल बघ."

पुढच्या शुक्रवारी! म्हणजे नोकरीही आहे आणि सुट्टीही. मी तो खारट भात सगळा संपवला.

मुलगी नर्स झाली की मी गावी परत जाईन. तेव्हा वकीलबाईंना घरी बोलावणार, रोज ताजे मासे खाऊ घालणार आणि त्यांना साधा पेलासुद्धा उचलू देणार नाही. हा माझा शब्द.