भावाच्या फ्लेक्सची सावली

माझा धाकटा भाऊ साडेसहा फूट उंच आणि मी जेमतेम पाच फूट. आईनं सगळं दूध त्यालाच पाजलं, असं मी लहानपणापासून म्हणत आले आणि तिनं ते कधी नाकारलंही नाही. मुकुंदवाडीतल्या आमच्या दोन खोल्यांत तो वाकूनच वावरायचा. पाचोडहून नातेवाईक आले की आधी त्याला भिंतीला उभं करून बघायचे, मग चहा घ्यायचे. तो बास्केटबॉल खेळतो हे कळल्यावर तर सगळ्यांचं एकमतच झालं. एवढी उंची असल्यावर अजून काय लागतं, नुसता हात वर केला की झालं!

दक्षिणेतल्या एका व्यावसायिक संघानं त्याला दोन वर्षांच्या करारावर घेतलं, तेव्हा गल्लीनं चौकात फ्लेक्स लावला. भला मोठा, दोन खांबांना दोरीनं बांधलेला. मधोमध चेंडू घेतलेला माझा भाऊ, वर ‘मुकुंदवाडीची शान’ आणि खाली शुभेच्छुकांचे छोटे छोटे फोटो, त्यातले निम्मे गॉगल लावलेले. तो तिथं अजून एकही सामना खेळला नव्हता. फोटो मीच दिला होता, तोही निवडून, ज्यात तो सगळ्यात उंच दिसतो असा. ती चूक माझी.

त्या वर्षी पावसानं दगा दिला. चौकापलीकडच्या बाजरीच्या रानात सात-सात मजली इमारती उठत होत्या, पण आमच्या नळाला पाणी नव्हतं. दिवसाआड दुपारी टँकर यायचा आणि नेमका फ्लेक्सपाशी थांबायचा. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. सकाळची पाळी सुटली की घागरी घेऊन रांगेत. डोक्यावर माझा भाऊ, मग तासभर विषय दुसरा कोणता निघणार? कुणीतरी मोबाइलवर सामना लावायचं. कॅमेरा राखीव खेळाडूंच्या बाकावरून फिरला की सगळे ओरडायचे, “त्यो बघा, त्यो बघा!” खांद्यावर टॉवेल टाकून तो बसलेला असायचा. आई तेवढ्यानंही खुलायची. मला मात्र त्याला तसं बसलेलं बघवायचं नाही.

“का गं, तुझा भाऊ खेळतो व्हय, का नुस्ता बसतोय?” शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं.

“तुमचा जावई तरी बसण्याशिवाय काय करतो?” मी फटकन म्हणाले. काकूंनी आठ दिवस अबोला धरला. मला वाईट वाटलं नाही, कारण त्यांनी विचारलेलं खरं होतं आणि त्याचाच मला राग होता.

एका सामन्यात त्याला शेवटची चार मिनिटं मिळाली. दोन फ्री थ्रो आले, म्हणजे अडवायला कुणी नाही, नुसता चेंडू टाकायचा; दोन्ही चुकले. कुणीतरी मोबाइल बंद केला. घरी येऊन मी फोन केला.

“ताई, इथं सगळेच उंच हायेत गं,” तो म्हणाला. “माझ्यापेक्षा उंच हायेत, अन् पळतेत बी माझ्यापेक्षा.”

 आम्ही जन्मभर त्याची उंचीच तर बघत आलो होतो. तो खेळतो कसा, हे आमच्यातल्या कुणालाच कळत नव्हतं, मलासुद्धा. मी विचारलं, “जेवलास का?”

त्यावर तो म्हणाला, “त्यो फ्लेक्स तेवढा काढ. मग मी दिवाळीला येतो.”

तिसऱ्या दिवशी टँकरच्या वेळेला विळा घेऊन मी चौकात गेले. टाचा उंचावून बघितल्या, तरी दोरीला हात पोचेना. रांगेतल्या एकीचा ड्रम पालथा करून मी वर चढू लागले, तशा काकू पुढं आल्या.

“काढू नको माय. ह्याच्याच सावलीत उभं राहतोत आम्ही. टँकर बंद झाला का मग काढ.”

मी खाली बघितलं. दुपारच्या त्या भाजून काढणाऱ्या चौकात तेवढाच एक सावलीचा पट्टा होता. त्यात बायका एकमेकींना खेटून उभ्या होत्या, त्यातली एक आठ महिन्यांची पोटुशी. तिला मी काय सांगणार होते? मी उतरले आणि ड्रम जिचा तिला दिला.

भावाला जे होतं ते सांगितलं, टँकर बंद झाला की फ्लेक्स काढीन म्हणाले. “बरं,” म्हणाला. दिवाळीला आला नाही. संक्रांतीलाही नाही. नंतर दर रविवारी त्याचा फोन यायचा, आई घ्यायची आणि तो आधी एकच विचारायचा, “टँकर येतो का अजून?”

“येतो रे बाबा,” आई सांगायची. मग रांगेत येऊन काकूंना कौतुकानं म्हणायची, “एवढा मोठा झाला, पण आमच्या पाण्याची केवढी काळजी हाय बघा लेकराला.”

काकू मान डोलवायच्या.  रांग पुढं सरकली की मी घागर उचलायचे आणि पुन्हा त्याच्या सावलीत उभी राहायचे.