यंत्रमानव कुठल्या घरचा धरायचा

आमचं गाव पेण तालुक्यात, खाडीला लागून. कॉलेज मात्र रोह्याला, कारण मला हवी ती शाखा तिथे मिळाली. बारावीच्या पुढे गेलेला आमच्या घरातला मी पहिलाच. कॉलेजात कशाला किती महत्त्व द्यायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं, म्हणून मी सगळ्यालाच देत असे.

त्या भाद्रपदात आमच्या वर्गाचे सेमिनार होते. विषय मी स्वतः निवडला होता. परदेशातला एक मोठा उद्योजक, त्याचे यंत्रमानव, त्याची कृत्रिम बुद्धिमत्ता आणि मंगळावर वसवायचं त्याचं शहर. माझा त्या माणसावर विश्वास होता. अजूनही बराचसा आहे. चांगलं बोलणाऱ्या दोघांना पुण्याच्या एका कंपनीत रोबोटचं प्रशिक्षण मिळणार होतं. मी तोवर रोबोट फक्त मोबाइलवर पाहिला होता. मला तो समोर उभा असलेला बघायचा होता.

त्याआधी अमावास्येच्या उधाणात आमच्या बांधाला खांड पडली, मोठं भगदाडच. हा बांध म्हणजे खाडी आणि भातशेती यांच्यामधली मातीची भिंत. ती फुटली की खारं पाणी आत येतं, आणि पौर्णिमेच्या उधाणाआधी खांड बुजवली नाही तर हातचं पीक जातंच, पुढची दोन-तीन वर्षं जमीनही धड पिकत नाही. मध्ये भांगाचे दिवस येतात, तेव्हा भरती कमी चढते. त्यात ओहोटी साधून, ओळीत उभं राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत खांड बुजवतात. गावकीचे अध्यक्ष, ज्यांना सगळे आबा म्हणतात, त्यांनी पाणी बघून दिवस ठरवला. नेमका माझ्या सेमिनारचा.

गावचा नियम घरटी एक बाप्या असा आहे. बायका पेंढा आणतात, जेवण आणतात, पण मोजणीत धरल्या जात नाहीत. एखाद्या घरातून कोणी आलं नाही तर दंड नसतो. फक्त पुढे त्या घराच्या अडचणीला माणसं जरा सावकाश येतात. वडील अंगणातल्या शेवाळावर घसरल्यामुळे त्यांचा हात प्लास्टरमध्ये होता. म्हणजे आमच्या घरातून मीच.

संध्याकाळी देवळात सभा भरली. आबांनी माझ्याकडे बघितल्यावर मी उभा राहिलो आणि माझा सेमिनार आहे म्हणून सांगितलं.

"त्यात काय करतात?"

"उभं राहून बोलायचं असतं."

"कशावर?"

इथे मी थोडक्यात आटपायला हवं होतं. पण मला सगळं पाठ होतं, आणि इतकी माणसं माझ्याकडे एका वेळी कधी बघत नसत. मी पहिल्यापासून सांगितलं. घरोघरी यंत्रमानव येईल, दोन पायांवर चालेल, सगळी कष्टाची कामं करेल. माणसाने काम केलं तर हौस म्हणून. आणि पुढे माणूस मंगळावर राहायला जाईल.

कोणी हसलं नाही.

"चिखलात उतरंल काय तो?" शेजारच्या काकांनी विचारलं.

"पुढेमागे उतरेल."

"खाऱ्या पाण्यानं गंजंल."

"तसा धातू शोधतील, काका."

"आन् मंगळावर भरती किती चढते?"

तिथे समुद्रच नाही, असं मी सांगितलं. मग मागून कोणीतरी म्हणालं, "मग जागा बघून ठेवायला हरकत नाय."

आबा मात्र रीतसर माणूस. त्यांनी घसा साफ केला. "समजा, उद्या एका घरानं तो यंत्रमानव बांधावर धाडला. त्या घरचा म्हणून तो धरायचा का नाय?"

यावर बराच वेळ गेला. तो त्या घरचा भात खात नाही, मग त्या घरचा कसा, असं एकाचं म्हणणं. दुसरा म्हणाला, वीज खातो ना, बिल ज्या घरचं त्या घरचा तो.

"आन् वीज गेली तर? मधीच आडवा व्हयाचा."

"तू बी जेवल्यावर आडवा व्हतोस. तुला धरतोच ना आमी?"

मग मुख्य अडचण निघाली. नियम बाप्याचा आहे, हा बाप्या आहे काय? सगळे माझ्याकडे वळले. मी जे खरं ते सांगितलं. तो बाप्या नसतो, बाईही नसतो.

आबांनी विचार केला. "वळीत उभा ऱ्हातो, चिखलाचे गोळे पुढं देतो, तर धरायचा."

माना हलल्या. आमच्या तालुक्यात नसलेल्या वस्तूबद्दल आमच्या गावाचा निर्णय झाला.

बायका खांबापलीकडे बसल्या होत्या. तिथून आईचा आवाज आला. "मग आबा, आमच्या घरातून मला धरा."

"तुला कशी गो?"

"मी मिठागरावर पाट्या उचलल्यात. चिखल काय नवीन हाय मला?"

"बाई कवा वळीत उभी ऱ्हायली नाय," काका म्हणाले.

"यंत्र कवा उभं ऱ्हायलंय, भावोजी?"

काकांनी वडिलांकडे बघितलं. वडील म्हणाले, "माझ्याकडं काय बघता? माझा हात मोडलाय."

आबांनी छताकडे बघितलं, मग जमिनीकडे. "धरा," म्हणाले, आणि पुढच्या घराकडे वळले.

घरी आल्यावर मी आईला म्हटलं, मी नाही जात रोह्याला. ती म्हणाली, "सभेत बोललेय मी. आता मला मागं घ्यायला लावू नको."

रोह्याला मी देवळातल्यापेक्षा वाईट बोललो. तिथे गंजण्याबद्दल कोणी विचारलं नाही. सरांनी बॅटरीबद्दल विचारलं, ते मला सांगता आलं नाही. मी तिसरा आलो.

गाडीतून उतरून मी थेट बांधावर गेलो. भरतीचं पाणी चढायला लागलं होतं, खांड दाराएवढी उरली होती. आई ओळीच्या मध्ये, कमरेपर्यंत चिखलात. मी पँट दुमडली आणि तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "ये वर, मी उतरतो."

"नको," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू उतरलास तर म्हणतील, पोरगा आला म्हनून बुजली. घरी जा, भात लाव."

मी घरी जाऊन भात लावला. खांड भरतीआधी बुजली. पौर्णिमेचं पाणी बांधाला लागून परत गेलं, पण ते नंतर.

त्या दिवशी आई अंग धुऊन जेवायला बसली तेव्हा तिने विचारलं, "जमलं काय?"

"तिसरा आलो. दोघांनाच घेतात."

"मग तिसऱ्याला घ्या म्हनून विचारलंस त्यांना?"

मी विचारलं नव्हतं. असं काही विचारता येतं हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना व्हरांड्यात गाठलं आणि विचारलं. सर म्हणाले, नियम दोघांचा आहे. पुढे काय बोलायचं हे मी ठरवलं नव्हतं, त्यामुळे मी तसाच उभा राहिलो. सर दोन पावलं गेले, थांबले, मागे वळून बघितलं. मी अजून तिथेच होतो. मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि म्हणाले, "थांब, विचारून बघतो."