सरकारी कोपी

देश सोडून इथे आलेल्या शामकांतने उभी हयात गोदीत जहाजांच्या पोटात वेल्डिंग केलं. सांधा कच्चा दिसला तर दुसऱ्याचाही तोडून पुन्हा करायचा. निवृत्त झाला तरी हिशेब तोच: घाम आधी, घास मागून.

इथल्या सरकारने जीएसटी वाढवला आणि भरपाई म्हणून बजेटात नागरिकांच्या घरोघरी फोनवरून वापरायची व्हाउचर दिली, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आपल्याला नकोत. हातपाय धड आहेत." रत्ना गप्प बसली. तिचं गप्प बसणं त्याला होकार वाटायचं.

सकाळची कोपी, इथली दाट गोड कॉफी, खालून रत्नाच आणायची. त्या शनिवारी तिचा गुडघा सुजला, म्हणून क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या ठेल्यांच्या बाजारात, तो स्वतः रांगेत उभा राहिला. पुढे त्यांच्याच ब्लॉकमधली रोहानी, ऑफिसं पुसून आलेली मलय बाई. तिच्या फोनवर व्हाउचर उघडत नव्हतं. रांग खोळंबली.

"काका, मजा आहे तुमची," मागून प्रबोध हसला. तो आयटीतला मराठी मुलगा, एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरीपुरत्या परवान्यावर आलेला; नागरिक नाही, म्हणून व्हाउचरही नाही. "टॅक्स आम्ही भरायचा, नाश्ता तुम्ही करायचा."

शामकांतला मिरची झोंबली. "मी घेत नाही. हे लोक घेतात. फुकटची सवय."

मराठीत होतं तोवर खपलं असतं. पण प्रबोधसमोर ताठा मिरवायचा होता. गोदीत शिकलेल्या मलयमध्ये तो मुद्दाम मोठ्याने म्हणाला, "आधी काम करा, मग खा."

रोहानीने वळून पाहिलं. फोन पिशवीत टाकला आणि कोपी न घेताच निघून गेली.

दुपारी जेवताना त्याने हा पराक्रम रत्नाला सांगितला. वाढता वाढता तिचा हात थांबला.

"अहो, तिला बोललात? व्हाउचर कशी वापरायची ते मला तिनेच शिकवलं."

"तू घेतलीस?"

"पहिल्यापासून. रोजची कोपी, हा ताटातला बांगडा, कशावर येतं वाटलं? तुमच्या ताठ्यावर? ती पहाटे उठून ऑफिसं पुसते. तुम्ही हल्ली कसलं काम करता, सांगा तरी!" मग आवाज उतरला. "या ब्लॉकमध्ये माझी एवढी एकच मैत्रीण. आता कुठल्या तोंडाने जाऊ तिच्यापुढे?"

अर्धा बांगडा ताटात तसाच राहिला. सांधा त्याचाच कच्चा होता, वरून नुसता रंग चोपडलेला.

"मी जातो," तो म्हणाला.

रविवारी तो रत्नाचा फोन घेऊन खाली उतरला. रोहानी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. प्रबोधही रांगेत होता. शामकांतने दोन कोपी सांगितल्या आणि फोन उघडला. काय दाबायचं कळेना.

"अंकल, फास्ट लाह!" मागून कुणीतरी इथल्या ढंगात घाई करत ओरडलं.

कान तापले. तो रांग सोडून रोहानीकडे गेला. "जमत नाही मला. दाखवता?"

तिने फोन घेतला. मग बोटाने दोनदा दाबून फोन परत दिला.

दुकानदाराने कोड स्कॅन केला. शामकांतने एक कप तिच्यापुढे ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मलयमध्ये म्हणाला, "काल मी वाईट बोललो. माझं घरही यावरच खातं." प्रबोधकडे वळून तेच मराठीतही म्हणाला. प्रबोधने मान खाली घातली.

रोहानीने कप मागे सरकवला. "हा रत्नाला द्या. आणि सांगा, संध्याकाळी गुडघ्याचं तेल घेऊन येते."

त्याच्याकडे न पाहताच तिने पिशवी उचलली आणि निघाली.

दोन्ही कप सांभाळत तो लिफ्टपाशी आला. लिफ्ट आली, उघडली, मिटली. निरोप रत्नासाठी होता, माफी त्याला नव्हती; तो तसाच उभा होता.